जानराव (उंद्री) यांच्या बुटांविषयी

जर्मनी, बुधवार

आदरणीय जानराव मामांना भाचा प्रसेनजितचा सप्रेम जयभीम.

मी शरीरानं ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत ते सविस्तर कळवा, कारण इथे त्यांची चौकशी होते आहे (का, ते पुढे येईल). फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि समोर निम्मं उंद्री बसलेलं असतं. म्हणून या पानांचे फोटो तुमच्या वैष्णवीच्या फोनवर पाठवतो आहे. तिनं ते तुम्हाला एकट्याला वाचून दाखवावेत. (वैष्णवी, आईसमोर नको.)

मामा, तुम्ही प्रवासासाठी दिलेले बूट आता माझ्याकडे नाहीत.

कॉलेजनं आम्हाला इथे आणलं ते आधुनिक वास्तुकला आणि महायुद्धाचा इतिहास एकत्र शिकवायला. या गावात युद्धाच्या काळात बॉम्ब पडायला लागले की लोक जमिनीखालच्या काँक्रीटच्या खोलीत लपत. एका दिवशी दोनशे अकरा माणसं तिथेच मेली. त्या खोलीवर आता स्मारक आहे, म्हणजे उघड्या काँक्रीटचा मोठा रिकामा हॉल. पहिल्या दिवशी आम्हाला त्याचं चित्र काढायला सांगितलं. मला वाटलं प्लास्टर राहून गेलंय (तुम्हालाही तेच वाटलं असतं), म्हणून चित्रात मी प्लास्टर करून वर फिकट पिवळा रंग दिला. आमच्या सुचिता मॅडमनी ते चित्र सगळ्या वर्गाला दाखवलं आणि म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत तुला ही जागा समजल्याचं दिसलं नाही तर सेमिस्टर गेलं म्हणून समज.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. भिंतीवर ती सगळी नावं, त्यात कितीतरी लेकरं. एवढ्या मेलेल्या माणसांसमोर बूट घालून कसं जायचं? विहारात जाताना काढतो तसे दारातच काढले, जोडीनं नीट ठेवले आणि आत तासभर बसलो. बाहेर येतो तर बुटांपाशी फुलं, एक मेणबत्ती, आणि शाळेच्या दोन पोरी मान खाली घालून उभ्या. फुलं बाजूला सारून बुटात पाय घालायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात तिथले म्हातारे व्यवस्थापक आले आणि वाकून बुटात पाहू लागले. देऊळगाव राजाच्या लग्नात जोडी बदलून गेली तेव्हापासून तुम्ही आत मार्करनं नाव-गाव लिहिता, ते त्यांना दिसलं. अक्षरं दाखवून त्यांनी विचारलं, हे कोण? मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, माझे मामा. आता कुठे आहेत? माझी जर्मन भाषा दोन महिन्यांची. इथे सकाळचे अकरा, म्हणजे तुमची जेवणानंतरची वेळ. मी खरं तेच सांगितलं, उंद्रीला शेतात निंबाखाली झोपलेत. शांतपणे? हो, एकदम. काही त्रास होता? गुडघ्यांचा. म्हाताऱ्यानं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मला वाटलं, यांचेही गुडघे दुखत असतील.

दुपारपर्यंत बुटांवर काचेची पेटी आली आणि खाली तुमच्या नावाची पाटी. परक्या देशातल्या एका पोरानं आपलं दुःख आमच्या दुःखाशेजारी आणून ठेवलं, असं व्यवस्थापकांनी मॅडमना पत्र लिहिलं. मॅडमचे डोळे भरून आले (हे मी तीन वर्षांत प्रथमच पाहिलं). आता ते पिवळं चित्र रद्द, बूट हेच माझं काम. शुक्रवारी सकाळी तुमच्यासाठी दोन मिनिटांची शांतता आहे. नंतर मी तुमच्याबद्दल बोलायचं. बोललो की पास.

मोताळ्याची अश्विनी माझ्या वर्गात आहे. तिनं पाटी वाचली. "मामा कवा मेले बे तुये? परवा तर तुयासंग फोनवर भांडून राह्यले होते." मी म्हटलं, मेले नाहीत. "मंग सांग ना त्याइले." सांगतो म्हटलं. "तू काई सांगत नाई. तू शुक्रवारपर्यंत चपलीवर फिरशील अन् पास होशील."

मी सांगणारच होतो. पण काल एक आजीबाई आल्या. त्यांचा सहा वर्षांचा भाऊ त्या खोलीत गेला होता. त्याची एकही वस्तू राहिलेली नाही. तुमच्या बुटांकडे पाहत त्यांनी विचारलं, मामांचा तुझ्यावर जीव होता का? मी हो म्हटलं आणि मामा, मला खरोखर रडू आलं. तुम्ही जिवंत आहात हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगू? त्या माझ्याशेजारी बसल्या आणि पंधरा मिनिटं तुमच्यासाठी गप्प राहिल्या. तेव्हापासून मला जेवण जात नाही. खरं बोललो तर सेमिस्टर जातं, नाही बोललो तर तुम्ही जाता.

मामींना आणि चंद्रशेखरला जयभीम. बुटांचं विचारलं तर दुरुस्तीला दिलेत म्हणा.

तुमचा हताश भाचा,
प्रसेनजित

ता. क. : पत्र संपवून, धीर करून व्यवस्थापकांकडे गेलो आणि सांगितलं, मामा जिवंत आहेत. त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, होतं असं, माझी आईसुद्धा भाऊ गेल्यावर सात वर्षं त्याचं ताट वाढत होती. आता पुराव्याशिवाय इलाज नाही. कृपा करून वर्तमानपत्र छातीशी धरून, तारीख वाचता येईल असा तुमचा एक फोटो पाठवा.

ता. क. २ : मॅडम शुक्रवारी संध्याकाळी मार्क भरतात आणि ते पुन्हा बदलत नाहीत. तेव्हा वर्तमानपत्र शनिवारचं घ्या. तोवर मोटरसायकल जपून चालवा.