मालगुजारांची गाडी आणि माझा पाय

९ एप्रिल १९८१
गाडी आली. ट्रकला दोर बांधून ओढत आणली. टायर गेलेले, टपावर चिमण्यांची घाण, मागच्या सीटमध्ये उंदरांचे घर. माझे जुने मालक, मालगुजार, वारल्यापासून महाल भागात त्यांच्या बंगल्यामागे पडून होती. मुलगा वसंता खापरखेड्याच्या वीज केंद्रातली ड्युटी करून रोज तिथे चकरा मारी, शेवटी घेऊनच आला. म्हणे भंगारात जाणार होती.
सगळी गल्ली जमली. शेजारचा भीमराव म्हणाला, "काहून आणलं गा हे जहाज? ठेवता कुठी?"
वसंता म्हणाला, "नवी करतो. आपल्या सुजाताले हिच्यातच बसवून लग्नाले नेतो. बाबा चालवतील."
मला कोणी विचारले नाही. पाय दुखतो. पडून राहिलो.

१४ एप्रिल
जयंती. सलीम मिस्त्रीचे गॅरेज बंद, गाडी दारातच. गल्लीभर निळे झेंडे, लाऊडस्पीकर.
दुपारी सुजाता गाडीत मागे जाऊन बसली. सीट फाटलेली, तरी बसली. "आबाजी, आजी बसली होती काय इथं कधी?"
नाही म्हटले. बंगल्यावर मला पाण्याचा पेला वेगळा होता. पलटणीत गाडी शिकलो म्हणून मालकांनी ठेवले. पुढची सीट माझी, मागची त्यांची. घरच्या बाईला त्या गाडीत बसवायचे, हे डोक्यातसुद्धा आले नाही. ती एकदा डबा घेऊन आली होती, गाडीला हात न लावता उभी राहिली...
पोरगी बराच वेळ तिथेच बसून होती.

२२ एप्रिल
आज इंजिन काढले. आठ सिलिंडरचे. साखळीला लटकलेले पाहून जीव कसा तरी झाला. उतारावरून निघाली की पाठ सीटला चिकटायची, असा जोर.
आता त्या जागी भंगारातल्या टेम्पोचे डिझेल इंजिन. वसंता म्हणतो पेट्रोल कोणाच्या बापाला परवडते. खरे आहे. सलीम मिस्त्री म्हणाला, "चाचा, वरून मेमसाब, अंदरून टेम्पो. कोणाले समजते?"
आवाजावरून समजेल. 

३ मे
पहिल्यांदा चालवली. अंगाला घाम. वसंता शेजारी बसला.
वळणावर उसाच्या रसाचे दुकान आहे. तिथे ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखे. दोन्ही पाय लावले तेव्हा कुठे थांबली, रसवाल्याच्या बाकाला टेकून. बाकावर बसलेला माणूस ग्लास हातात धरून उठला. म्हणतो, "बावाजी, रस प्यायचा तर उतरून या न!" सगळे हसले. वसंतासुद्धा हसला.
"बाबा, गाडी चांगली आहे. पाय थकला तुमचा."
असेल. मला तरी काय माहीत. म्हातारपण एकदम येते.

४ मे
रात्र पायाच्याच विचारात गेली, म्हणून सकाळी सलीमकडे एकटा गेलो. तो म्हणाला पाय बरोबर आहे. जुने इंजिन नळीतून हवा ओढायचे, त्या ओढीने ब्रेकला जोर मिळायचा. डिझेलचे इंजिन तशी ओढत नाही. नळी त्याने खुंटी मारून बंद केली. "जरा जास्त दाबा लागते, चाचा. बस."
जरा?
वेगळा पंप बसवता येतो, पण तो मुंबईहून मागवावा लागतो. लग्नाच्या आत येणार नाही.
वसंताला हे ठाऊक होते काय? विचारायची हिंमत झाली नाही.

७ मे
विचारले. टॅक्सी करू म्हटले. भडकला.
"मालगुजाराले जन्मभर फिरवलं. नातीच्या वेळेस पाय दुखते?"
मग स्वतःच थांबला. स्कूटर घेऊन निघून गेला, जेवायलाही आला नाही.
तसे बोलायला नको होते त्याने. पण खोटे काय बोलला.

९ मे
खाटेवर बसून भिंतीला पाय लावून जोर करतो, सकाळ-संध्याकाळ. सून म्हणाली, "मामाजी, मांडव टाकाचा आहे, भिंत ठेवा आमाले." मांडी भरून आली. काही फरक नाही.
लग्नाचा हॉल धरमपेठेत. वाटेत रेल्वेचा पूल. चढायला काही नाही, उतरताना खाली सायकली, रिक्षे, बैल... डोळे मिटले की तोच उतार.

१२ मे
रंग झाला. निळा, खाली पांढरा पट्टा. बंपर चमकतो. वस्तीतल्या बाया मुलांना घेऊन पाहायला आल्या. भीमराव तीनदा येऊन गेला. एकदा हात लावून पाहिला, मग बोटांचा डाग रुमालाने पुसला.
मालकांच्या वेळी एवढी सुंदर दिसत नव्हती. किंवा मी तेव्हा बाहेरून पाहिलीच नाही.
आता नाही कसे म्हणू.

१५ मे
सुजाताला सांगून टाकले. हळदीच्या गडबडीत, मोरीपाशी. ब्रेक नीट नाही, मला भीती वाटते, तू टॅक्सीने जा.
हात हळदीचे, ते तसेच वर धरून ऐकत होती.
"आबाजी, हळू चला न मग. आपल्यात मुहूर्त थोडाच आहे? आपण पोचू तवा बुद्धवंदना सुरू होईल. थांबतील ते."
"आणि थांबणं नाही झालं तर?"
"गाडीचं का लोकाचं?"
हसली. मग म्हणाली, "मी बसणार मागंच. तुमी नाही म्हटलं तर पायी जाईन, पण टॅक्सीत नाही."
हिच्या आजीसारखीच. ऐकत नाही.

१६ मे, सकाळ
ऊन आत्ताच चटकते. गाडी दारात. झेंडूच्या माळा, समोर पंचशील झेंडा.
वसंता चहा घेऊन आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पुढं बसतो बाबा. हँडब्रेकवर हात ठेवून. पूल उतरताना तुमी सांगा, मी ओढतो."
म्हणजे त्यालाही झोप नाही. एवढे दिवस बोलला नाही.
पुलावरून पहिल्या गिअरमध्येच उतरवायची. मागचे कितीही हॉर्न वाजवोत. भीमराव सायकलने पुढे राहून रस्ता मोकळा करतो म्हणतो.
सुजाता पांढऱ्या साडीत मागे जाऊन बसली आहे. मधोमध. दोन्ही हात सीटवर पसरून, मालक बसायचे तशी. तिला कोणी शिकवले?
वसंता हाक मारतो आहे. बूट काढून ठेवले. अनवाणी पायाला पेडल नीट कळते.