भाताबरोबर काय वाढू?

जाकार्ता, १९ जून १९९३

प्रिय तुरिनी,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र मिळालं. तब्येत सुधारली हे वाचून जीव भांड्यात पडला. आता खानावळ सांभाळायला येते म्हणतेस. चार महिने तू, चार महिने मी, असंच आपलं ठरलं होतं. तुझं आजारपण आलं नि दोन वर्षं मीच इथे अडकले.

इथलं ठीक चाललंय. सोयाबीन महागलं, म्हणून त्याच्या टेम्पेच्या वड्या जरा पातळ कापते. रिक्षावाला सुकिर्नो पदार्थांच्या काचेच्या कपाटात वाकून बघतो नि म्हणतो, "ताई, आज टेम्पे आहे की त्याची सावली?" मी कसली सोडतेय! "सावलीचे पैसे लावत नाही, खा मुकाट्यानं!" त्यानं मागायच्या आधीच मी त्याला वांगं वाढते, मिरची बाजूला काढून. शिंपीणबाईंना भातावर नुसता नारळाचा रस्सा लागतो. सगळ्यांचं मला तोंडपाठ आहे.

तू येऊ नकोस. बसचा प्रवास तुला झेपायचा नाही. माझे गुडघे अजून साथ देतात. नवीन गिऱ्हाइकं तुला ओळखतही नाहीत.

जाऊ दे, कारणं कशाला जोडू?

ईदला खानावळ बंद करून गावी तुझ्याकडे आले, तेव्हा रिस्माला जेवायला बसवलं नि सवयीनं विचारलं, "भाताबरोबर काय वाढू?" माझ्या पोटची पोर. म्हणाली, "आईला विचारा ना, तिला माहितीय." आणि तिनं तुझ्याकडे बघितलं. भांडी घासायच्या निमित्तानं तू मागे निघून गेलीस. तुझा राग आला नाही गं, पोरीचाही नाही. पण परत येताना जाकार्तापर्यंत मी रडत होते.

पुढच्या महिन्यात तिची शाळा सुरू होईल. बाई आईचं नाव विचारतील. ती जे सांगेल ते सांगू दे, मध्ये बोलू नकोस. तिची एक आई जाकार्ताला गेली, तेवढं पुरे झालं. दुसरीनं घरी राहावं.

भावजींना सलाम. आणि एवढं कळव, तिला भाताबरोबर काय आवडतं? पुढच्या ईदला तिला विचारायची वेळ माझ्यावर येऊ नये.

तुझी ताई,
रिस्माची मावशी,
वासरी