मेमरीची रंगीत घरं

प्रिय माय,

उद्या ऑफिसात नव्याने लागलेल्या चौघांना मला शिकवायचं आहे. प्रोग्राम चालत असताना मेमरीत काय होतं, ते कागदावर रंगवून चूक कशी शोधायची. साहेब म्हणाले, "पद्धत तुमची, तुम्हीच सांगा." तेव्हापासून घास गोड लागत नाही. तू जाऊन दोन वर्षं झाली, आणि हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आठवतंय, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सटाण्याहून माझ्याकडे नाशिकरोडला आली होतीस? तेव्हा माझा स्टोअरच्या मालाचा प्रोग्राम तासभर नीट चालायचा आणि एकाच जागी आडवा व्हायचा. शनिवारपर्यंत सुधारला नाही तर काम दुसऱ्याला मिळणार होतं. मग दर तीन मिनिटांनी मी मेमरी छापून घेतली. आलेखाच्या कागदावर प्रत्येक आकड्याला एक घर. बदललेलं लाल, तसंच राहिलेलं पिवळं. असे वीस कागद घरी फरशीवर ओळीने मांडले.

एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून तू त्या ओळीच्या कडेकडेने चालत होतीस. दुपारचं ऊन होतं, पडदा हलत होता, आणि मला वाटलं, रंगच पुढे सरकतायत. चालता प्रोग्राम मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो असा, तुझ्या पावलांच्या चालीने. अजून स्वप्नात येतो.

मी शेवटच्या कागदावर बिघडलेल्या घरावर बोट ठेवून बसले होते. "हाई काय शे?" तू विचारलंस. म्हटलं, इथे भलताच आकडा येतोय. कांदे साठवायच्या चाळीत जन्म गेलेला तुझा. वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "सडेल कांदा काय देखस, सुमी? तेना शेजारना देख. पानी तठून उतरस."

ऑफिसातली नीता बसली होती समोर. मला तुझ्या बोलीची लाज वाटली गं. "माय, तुला यातलं कळत नाही, आत जाऊन बस," म्हणाले. तू मुकाट गेलीस. का गं गेलीस? चार शब्द सुनावायचे होतेस तरी!

नीता गेल्यावर शेजारची घरं पाहिली. तिथे चाळीस वस्तूंपुरती यादी होती. कागदागणिक ती भरत आली होती, आणि एक्केचाळिसावी वस्तू पुढच्या, त्या बिघडलेल्या घरात सांडत होती.

शनिवारी साहेबांनी विचारलं, कसं सुचलं? म्हटलं, "असंच, विचार करता करता." एस.टी.त बसताना तू विचारलंस, "व्हयनं का तुनं काम?" मी नुसतं हो म्हटलं. तुला कळलं होतं का, माय? कळून गप्प राहिलीस का?

उद्या फळ्यावर पहिलं घर काढायच्या आधी मी तुझं नाव घेणार आहे. साहेब असतील, नीताही असेल. हे कुठे शिकलात असं कुणी विचारलं, तर सगळ्यांसमोर सांगेन, "मनी मायनी शिकाडं."

तुझी,
सुमी