डावीकडचा ब्राऊन

३ नोव्हेंबर, रविवार

पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! गुडघे जिन्यातच बोलायला लागले. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा एक पाइप. असो. मला कुठे बाहेर बघायचंय? उद्यापासून आठवडाभर हिरवं कापड, बावीस बॉल आणि लोकांचे बूट.

बॅग उघडली तर हिने चष्म्याच्या डबीत डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून ठेवलेली. पाठ आहे मला ती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. "लाल आणि तपकिरी यांत जरा गफलत होईल," डॉक्टर सहज म्हणाले होते. मी स्नूकरचा पंच आहे हे त्यांना सांगितलंच नव्हतं. नोकरी विचारली तेव्हा म्हणालो, "उभं राहायचं काम आहे."

स्पर्धा झाली की ऑपरेशन. हिला तसा शब्द दिलाय. ही म्हणाली, "तुमचे शब्द मला माहीत आहेत."

४ नोव्हेंबर, सोमवार

दोन सामने. साडेआठ तास पायांवर. पहिल्यातला एक खेळाडू दर फटक्याआधी क्यूला इतका वेळ खडू लावत होता, वाटलं हा आता भिंत रंगवणार.

माझं निभतं कसं, ते लिहून ठेवतो. निळा, काळा, गुलाबी, हिरवा, पिवळा — काही अडचण नाही. भानगड फक्त ब्राऊनची. तो स्वतःच्या ठिपक्यावर असला की जागेवरून कळतो. हलला की मी त्याच्यावर पाळत ठेवतो, गर्दीत आपल्या पोराचा शर्ट लक्षात ठेवावा तशी. लालच्या घोळक्यात शिरला की पंचाईत. पण अजून चुकलो नाही. चार महिने निभावलं, आठवडाच तर राहिला.

स्पर्धेच्या साहेबांनी जेवताना हळूच सांगितलं, "या वेळी फायनलला तुमचं नाव आहे डोक्यात. गुरुवारी यादी लावतो." बावीस वर्षं झाली या कामाला. सेमीफायनल सहा केल्या. फायनल एकही नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

शिंपी हरला. ४–५. टेबल सात.

दमलोय. उद्या लिहीन.

६ नोव्हेंबर, बुधवार

खरं तर आजही लिहिणार नव्हतो. पण वहीशी कसली लपवाछपवी.

शिंपी म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा जुना खेळाडू. घराणं शिंप्यांचं, दुकान थोरला भाऊ चालवतो. याला जन्मापासून लाल आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत. "रंग न कळणारा शिंपी दुकानात काय कामाचा, म्हणून बापाने क्लबात धाडला," हे तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो. नियमात त्याची सोय आहे. अशा खेळाडूने विचारलं तर पंचाने बॉलचा रंग सांगायचा. दर सामन्याआधी हात मिळवताना तो म्हणतो, "सर, ब्राऊनला विचारीन हं." आणि विचारतोही! ब्राऊन आपल्या ठिपक्यावर ढळढळीत बसलेला असतानाही विचारतो. मी कितीदा चिडवलंय त्याला — "अरे, तिथे दुसरा कोण येऊन बसणार?" म्हणतो, "खात्री केलेली बरी."

यंदा त्याचं सगळं या स्पर्धेवर होतं. क्रमवारीत पहिल्या चौसष्टांत राहिला तर पुढची दोन वर्षं व्यावसायिक म्हणून खेळणार. नाहीतर बाहेर. काल जिंकला असता तर सुटला असता.

चार-चार झाले. शेवटची फ्रेम, म्हणजे निकालाचा डाव. तेरा गुणांनी पुढे होता. तीन लाल उरलेले. त्यांतला एक वरच्या गादीजवळ, आणि ब्राऊन घरंगळत त्याच्या शेजारी येऊन बसलेला. केव्हा आला? मी तेव्हा काळा ठिपक्यावर ठेवत होतो. पाठ वळलेली. पाळत सुटली ती तिथेच.

आता पाळी लालची; ब्राऊन मारला तर फाउल, चार गुण समोरच्याला. शिंपी वाकला. मान न वळवता, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, "सर, डावीकडचा ब्राऊन ना?"

मी पाहिलं. दोन्ही सारखेच. एकाच मातीचे! एक पाऊल पुढे टाकलं, तरीही सारखेच. तेव्हा "थांब" म्हणायला हवं होतं. स्कोअर लिहिणाऱ्या बाई चार हातांवर बसल्या होत्या, त्यांना विचारायला हवं होतं. पण पंचाने बाईंना रंग विचारायचा? गुरुवारी यादी लागायची होती.

मी म्हणालो, "डावीकडचा लाल."

तो क्षणभर तसाच वाकून राहिला. मग मारला. देखणा फटका, बॉल सरळ पॉकेटात. मी मोठ्याने म्हणालो, "एक!"

समोरचा खेळाडू खुर्चीतून अर्धा उठला. बाई म्हणाल्या, "सर... ब्राऊन होता." मी पॉकेटात हात घातला, बॉल काढला, दिव्याखाली धरला. पांढऱ्या हातमोज्यावर तो स्वच्छ ब्राऊन होता. लहान मुलानेही सांगितलं असतं.

"फाउल. चार," मी म्हणालो.

शिंप्याने नुसतं "मी विचारलं होतं" एवढं म्हटलं असतं, तर मला फाउल रद्द करून बॉल परत जागेवर ठेवावे लागले असते. नव्या पंचांना हा नियम मीच शिकवतो. तो बोलला नाही. बॉलकडे पाहिलंच नाही त्याने, माझ्याकडे पाहिलं. मग जाऊन बसला. मीही बोललो नाही. समोरच्याने एका दमात टेबल साफ केलं. मी गुण मोजत राहिलो, आवाज खणखणीत.

साहेब नंतर म्हणाले, "'एक' म्हणालात म्हणे? असू द्या, जीभ घसरते." बाहेरचं टेबल, कॅमेरा नाही, प्रेक्षक नऊ. काय झालं ते दोघांनाच ठाऊक.

लाज वाटते. बस.

७ नोव्हेंबर, गुरुवार

यादी लागली. फायनल — माझं नाव. लोक पाठीवर थाप मारून गेले. हिला फोन केला तर आधी हसली, मग म्हणाली, "नवा कोट शिवायला हवा होता." सगळ्या नातेवाइकांना कळवायला बसली असेल.

सकाळी नाश्त्याला शिंपी समोर येऊन बसला. मला वाटलं, आता विषय काढणार. काढलं नाही. अंड्याचं टरफल सोलत म्हणाला, "सर, फायनल! केव्हाच मिळायला हवी होती."

मी म्हणालो, "तू अजून इथेच?"

"निकाल लागेपर्यंत थांबतो. अजून चौसष्टावा आहे की! माझ्या मागचा उद्या हरला तर राहिलो. दुसऱ्याच्या हरण्यावर जगायचं म्हणजे काय असतं, ते तरी कळू दे."

हसला. मीही हसलो. तेव्हाच सांगायचं होतं. त्याने माझ्या चहात साखर घालून दिली, दोन चमचे. वीस वर्षांत पाठ झालंय त्याला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मला आज एकच सामना, लवकर संपला. नंतर टेबल चारच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथे तो मागचा खेळाडू खेळत होता, पंचविशीचा पोरगा, चांगला आहे बिचारा. आणि मी मनात काय म्हणत होतो? चुक. चुक रे बाबा, एकदा तरी चुक! बावीस वर्षांत मी कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. मनातही नाही. आज घेतली.

तो ५–२ जिंकला.

शिंपी निकालाच्या फलकापाशी उभा होता. फलक लिहिणाऱ्या मुलीने त्याचं नाव पुसून खाली लिहिलं. पासष्ट. तो फोनवर बोलत होता, मी खांबाआड. "दादा, सोमवारी येतो. हो... हो, कायमचाच. मशीनवर बसेन मी. रंगाचं तेवढं वहिनी बघेल." मग पलीकडून काहीतरी विनोद झाला असावा, कारण तो हसला. हसून झाल्यावर फोन बंद केला आणि बराच वेळ फलक वाचत राहिला. त्यात वाचण्यासारखं काय उरलं होतं?

कोट न काढता पलंगावर बसून लिहितोय.

९ नोव्हेंबर, शनिवार

सांगून आलो.

साहेबांची खोली, सकाळचे नऊ. उभ्यानेच सगळं सांगितलं — डॉक्टर, चिठ्ठी, टेबल सात, "डावीकडचा लाल". साहेबांनी दार लावून घेतलं. पहिला प्रश्न काय? "आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलूही नका. सामना संपला, दोघांच्या सह्या झाल्या. निकाल काही बदलत नाही. त्याला परत आणता येणार आहे का? नाही ना? मग झालं. उद्या फायनल करा, मंगळवारी डोळे करा. मोठ्या टेबलावर दिवे चांगले असतात, शिवाय कॅमेऱ्याचा पडदा आहे, मदतीला माणसं आहेत."

खोटं कशाला लिहू — मोहात पडलो. चांगली पाच मिनिटं. कारण ते म्हणत होते ते चूक नव्हतंच. निकाल बदलणार नाही, मग माझी फायनल गेल्याने कुणाचं काय भलं? त्या पाच मिनिटांत मी कोटाचं बटणही लावून बघितलं.

मग हातमोजे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हणालो, "मला ब्राऊन दिसत नाही, साहेब. ज्याला दिसतो त्याला द्या." ते चिडले. "बावीस वर्षांनी आता बुद्धी सुचली?" म्हणाले. हेही चूक नव्हतं. फायनल आमच्या पंचांतल्या सगळ्यांत धाकट्या बाईंना दिली. त्या रडल्या. आनंदाने की माझ्यासाठी, कळलं नाही. विचारलं नाही.

हिला फोन केला. ही म्हणाली, "बरं केलंत. घरी या." नातेवाइकांना आता परत कळवत बसावं लागणार, त्याबद्दल अवाक्षर नाही!

आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवलो. किंमत मोजली, असं वाटतंय. हलकं वाटतंय. आता शिंप्याला सांगितलं की झालं. उद्या सकाळच्या गाडीने जाणार आहे तो. त्याच्या आधी खाली जाऊन उभा राहीन.

१० नोव्हेंबर, रविवार

सापडला. क्यूची पेटी, एक बॅग. सगळं सांगितलं. मोतीबिंदू, फायनल सोडली, माफ कर.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो ब्राऊन आहे हे मला ठाऊक होतं, सर. मला रंग कळत नाही म्हणून तर फ्रेमभर त्याच्यावरून नजर हलवत नाही मी."

"मग मारलास कशाला?"

"तुम्ही लाल म्हणालात ना."