ओटीपुरता कॅमेरा

बाबा, घर पुरं झालं. तुम्ही माझ्या नावावर केलेल्या अर्ध्या प्लॉटवर. उरलेल्या अर्ध्यावर दादाचं घर तुम्ही सोडून गेलात तसंच आहे, फक्त रंग आता पिवळा आहे. मधे छातीइतक्या उंचीची भिंत आहे, ती त्यानं घातली. माझ्या वास्तुशांतीला तो आला नाही. वहिनी आली, हळदीकुंकू घेतलं, अर्धा पेला पाणी प्यायली आणि गॅसवर डाळ आहे म्हणून निघून गेली. पंगतीत शाळेतल्या बायका होत्या. त्यांना घर आवडलं. एकीनं सगळ्या खोल्या हिंडून झाल्यावर विचारलं, "आणि इथे तुम्ही एकट्याच राहणार?" मग कॅमेऱ्याचा विषय निघाला. प्रत्येकीकडे एक चोरीची गोष्ट होती. त्या गेल्यावर मी हॉलमध्ये उभी राहून खोकले, तर आवाज जिन्यापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॅमेरे बघायला गेले.

दुकान एसटी स्टँडमागच्या गल्लीत आहे. दुकानदार पन्नाशीचे, पांढरी दाढी, बोलायला गोड. त्यांनी आधी किंमत सांगितली नाही. आधी विचारलं, "घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

"मग चार घ्या."

"एकटीला चार कशाला?"

"ताई, घर भरलेलं असलं तर एक पुरतो. दारात एक आजी बसलेली असली तर तोही लागत नाही. कोण आलं, कोण गेलं, हातात काय होतं, सगळं तिच्याकडे साठवलेलं. आणि पुसलं पण जात नाही." ते स्वतःच हसले. मीही हसले. मग त्यांनी एकेक कॅमेरा काउंटरवर मांडला. हा अंधारात बघतो, हा गोल फिरतो, ह्याच्यातून पलीकडच्याशी बोलतासुद्धा येतं. मी म्हटलं, बोलायचा नको. "फक्त बघायचं?" त्यांनी विचारलं. फक्त बघायचं, मी म्हटलं.

रविवारी ते स्वतःच शिडी घेऊन आले. मागच्या दाराला एक, गच्चीच्या जिन्यावर एक, बोळात एक. चौथा गेटावर. ते वर चढून कॅमेरा धरायचे आणि मी खाली उभी राहून मोबाईलवर चित्र बघायचे. चौथ्याच्या चित्रात गेट आलं, रस्ता आला आणि उजव्या अंगाला दादाची ओटी आली, अख्खी. प्लास्टिकची खुर्ची, चपलांचा ढीग, उघडं दार. वहिनी जुन्या साडीवर जवळा वाळत घालत होती.

"शेजारची ओटी येतेय. डावीकडे घेऊ थोडा?"

मी चित्राकडे बघत राहिले. वहिनी एका हातानं जवळा पसरत होती, दुसऱ्या हातानं कावळा हाकत होती.

"राहू दे," मी म्हटलं.

"शेजारी ओरडतील हां, ताई."

"आपलेच आहेत."

बाबा, तेव्हापासून मी बघते आहे. बाकीचे तीन कॅमेरे मी उघडतसुद्धा नाही. मधल्या सुट्टीत, पेपर तपासताना, भात शिजेपर्यंत, मी तो चौथा उघडते. तळोज्याच्या कारखान्यातली पाळी संपवून दादा येतो, बूट ओटीच्या खाली काढतो, आत जायच्या आधी जरा वेळ नुसता बसतो, गुडघ्यांवर कोपरं टेकून. तुम्ही मिठागरावरून येऊन बसायचात तसा नाही, तुम्ही पाठ टेकायचात. त्याची मुलगी वेणी ओटीवर घालते, आईची बोलणी खात. एका दुपारी त्यानं कसलंसं बिल हातात घेतलं, लांब धरलं, मग खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लागलाय हे मला तेव्हा कळलं. भिंतीच्या अलीकडे मी राहते, आणि माझ्या भावाला चष्मा लागल्याचं मला मोबाईलमध्ये दिसलं. ते चित्र मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.

मी सातवीत असताना तुम्ही मला शेजाऱ्यांच्या खिडकीशी पकडलं होतं. त्यांनी नवा टीव्ही घेतला होता आणि मी गजाला धरून बाहेरून बघत होते. तुम्ही ओरडला नाहीत. दंडाला धरून मला त्यांच्या दारापाशी नेलंत आणि म्हणालात, "बघायचा हाय ना? मग दारातनं जा. खिडकीतनं बघतंस कशाला चोरासारखी?" मी आत गेले नाही, लाजून घरी पळाले. तुम्ही हसलात आणि तंबाखू मळत बसलात.

दारातून जायला तुम्हालाही जमायचं नाही, बाबा. आज सांगते, राग नाही. बक्षीसपत्र केलं त्या दिवशी तुम्ही ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता. ऑफिसात एकेक अक्षर जोडत सही केलीत, साहेब म्हणाले सावकाश करा. बाहेर येऊन आपण भजी खाल्ली. माझं लग्न मोडून तेव्हा सहा वर्षं झाली होती, त्याबद्दल तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत, जमीनच दिलीत. रिक्षात तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "त्याला तू सांग. माज्याच्यानं व्हायचा नाय." मी म्हटलं, सांगते. आज सांगू, उद्या सांगू करत आठ महिने गेले आणि मग तुम्हीच गेलात. दादाला ते कागदावरून कळलं, वारसांची नावं लावायला गेला तेव्हा, चार लोकांसमोर. घरी येऊन त्यानं एवढंच विचारलं, "तुला ठाव व्हता?" मी हो म्हटलं. त्याला वाटलं, मीच तुमच्याकडून गुपचूप लिहून घेतलं. इथे बहिणी सही करून मोकळ्या होतात, हक्क सोडून माहेरचा चहा शाबूत ठेवतात. मी उलटं केलं, तेही त्याच्या पाठीमागे, असं त्याला वाटलं. ह्याला चार वर्षं झाली. त्या "हो"नंतर आम्ही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात तो माझ्या गेटाशी आला. बेल वाजायच्या आधी मी त्याला मोबाईलमध्ये पाहिलं. आधी वर कॅमेऱ्याकडे बघत होता, मग खाली स्वतःच्या चपलांकडे. मी दार उघडलं.

"तुजा कॅमेरा आमचे ओटीवर हाय," तो म्हणाला. "पोरगी मोठी झाली माजी. फिरव तो."

"लावणाऱ्यानं चुकून तसा लावला असेल," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि वळला. आत ये म्हणायला मला तोंड होतं. चहा ठेवते म्हणता आलं असतं. चार वर्षांनी तो दारात आला आणि मी एका भल्या माणसाच्या माथी चूक मारून मोकळी झाले.

दुकानदार परवा आले. दादा पहिली पाळी करून आला होता, ओटीवर चहा पीत बसला होता. ते शिडीवर चढले आणि वरून, त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ताई, मी तेव्हाच विचारलं होतं ना? तुम्हीच बोललात, राहू दे, आपलेच आहेत."

मी वर बघितलं नाही. मोबाईलमध्ये बघत राहिले. त्यात दादानं कप खाली ठेवला. उठला. भिंतीकडे यायला लागला आणि चित्राच्या कडेला येऊन बाहेर गेला, मग मला मान वर करावीच लागली. तो भिंतीवर हात ठेवून उभा होता. माझ्याकडे नाही, शिडीकडे बघत होता.

"चाचा, पुरता नका फिरवू. दरवाजा तेवढा जाऊ दे त्यातनं. ओटी राहू दे."

"ओटी राहू दे?"

"एकटी असते ती," दादा म्हणाला. "तिचा दिवा लागला का नाय, ते आमीपन बघतोच रोज."

चाचांनी कॅमेरा बोटभर हलवला. दार गेलं, चपलांचा ढीग अर्धा गेला, खुर्ची राहिली. दादा जाऊन पुन्हा तिच्यावर बसला आणि गार झालेला चहा प्यायला. चाचांनी शिडी मिटली, पैसे घ्यायला नको म्हणाले, आणि गेले.

तुम्ही मला त्याला सांगायला सांगितलं होतं, हे त्याला अजून माहीत नाही. तो पाळीवर असतो, घरात माणसं असतात, निवांत भेटच होत नाही, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. आत्ता त्याची सुट्टी आहे. तो खुर्चीत बसून पेपर वाचतोय, चष्मा लावून. मुलगी क्लासला गेलेली मी पाहिली, वहिनी बाजाराची पिशवी घेऊन तिच्यामागोमाग गेली. ओटीवर दुसरं कोणी नाही. सगळं मला स्पष्ट दिसतंय. आणि मी इथे बसून तुम्हाला पत्र लिहिते आहे.