बिनकॉलरचा सदरा

अण्णा, तुमच्या मशीनवर मी बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही कपाळाला आठ्या घालून बसणार नाही. ते मशीन आता इथे ओमानातच, माझ्याकडे, माबेला भागातल्या घरी आहे. तुम्ही गेल्यावर गावाहून कोणीतरी म्हणालं, भंगारात द्या. मी म्हटलं, खबरदार! इतकी वर्षं त्याच्यावर झाकण घालून वरती मनीप्लांट ठेवला होता. गेल्या उन्हाळ्यात तो मनीप्लांट खाली उतरवला.

तुम्हाला आठवतं का, इब्रीच्या बाजारातलं आपलं दुकान? ईदच्या आधीचे दिवस, पांढऱ्या कापडाचे ढीग, गिऱ्हाईक दारात उभं राहून "यल्ला, उस्ताद, यल्ला" अशी घाई करतंय, आणि तुम्ही दिशदाशाच्या, त्या ओमानी पायघोळ झग्याच्या, गळ्यावर वाकलेले. मी शाळेतून आलेली. तुमची मान दुखतेय हे दिसत होतं, म्हणून गुपचूप दुसऱ्या मशीनवर बसून एक पट्टी शिवायला घेतली. तुम्ही कात्री टेबलावर आपटलीत. "ऊठ! मशीनीला हात लावायचा नाय. लोकांचे गळे शिवायला या घरात एक माणूस पुरे. पुस्तक घे." आयुष्यात तुम्ही माझ्यावर हात उगारला नाहीत, पण ती कात्री मला अजून ऐकू येते. मी उठले. कोपऱ्यातल्या स्टुलावर गणिताचं पुस्तक उघडून बसले, तोंड पुस्तकात आणि डोळे तुमच्या हातांवर. गळा कसा कापायचा, पट्टी कशी बसवायची, त्याखाली दोऱ्यांचा गोंडा कसा लोंबता ठेवायचा, सगळं बघून ठेवलं. पुढे गणिताची मास्तरीण झाले, रोज माबेलाहून मदिनत सुलतान काबूसपर्यंत गाडी हाकत शाळेत जाते, तुमची इच्छा पुरी झाली. पण बघितलेलं काही पुसलं जात नाही हो.

आता तुमच्या नातजावयाचं सांगते. तुमची नात अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथेच तिनं लग्न ठरवलं. लॅटिनो म्हणतात तिकडे त्या लोकांना. आईबाप मेक्सिकोतून आलेले, घरात स्पॅनिश बोलणारे. आत्यानं फोनवर विचारलं, "म्हणजे नक्की कुठले गं?" मी म्हटलं, "आत्या, बाप कांद्याच्या शेतात राबला, आईनं लॉजच्या खोल्या झाडल्या, पोरगा वकील झाला. आता सांग कुठले!" आत्या म्हणाली, "मग आपल्यातलेच की." वकिली करता करता हा तिथल्या शाळांच्या मंडळावर गेला, मग त्यांच्या राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. पहिल्यांदा पडला. "आईबाप जिकडून आले तिकडे परत जा" असं तोंडावर ऐकून घेतलं, दारोदार फिरला, दुसऱ्यांदा निवडून आला. आमदार, अण्णा! तुमच्या नातीचा नवरा आमदार. पण इथे गाड्यांचा ताफा आणि कडक इस्त्रीची खादी डोळ्यांसमोर आणू नका. तिकडच्या आमदाराला मानधन इतकं बेताचं की वर्षातले उरलेले महिने कोर्टात उभं राहून घर चालवावं लागतं. स्वतःची गाडी स्वतः धुतो. जावईबापू म्हणायला गेले तर हसत सुटतो, म्हणून मी आपली 'तो' म्हणते.

गेल्या जूनमध्ये दोघं पहिल्यांदा इथे आली. दारात त्यानं वाकून नमस्कार केला, "नमस्कार, आई," असं घोकून आणलेलं म्हटलं, पण चेहरा पार उतरलेला. तुमची नात मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आई, ही इज टायर्ड. तो सोडतोय सगळं." झालं असं होतं की त्यानं एक विधेयक आणलं होतं. उन्हात काम करणाऱ्यांना सावली, पाणी आणि मध्ये विश्रांती द्यायलाच हवी, एवढंच. त्याचा बाप कांदे काढताना शेतात चक्कर येऊन पडला होता, ते हा लहानपणी डोळ्यांनी बघत होता. हे विधेयक पडलं. ज्या सदस्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, त्यांनीच विरोधात हात वर केले. येणारी निवडणूक लढवायची नाही, मोठ्या कंपनीत वकिली करायची, असं त्यानं ठरवत आणलं होतं. आमच्या ह्यांनी तर लगेच री ओढली, "बरोबर आहे, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या?" मी ह्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य आमटीबरोबर गिळलं गेलं. पण मला तरी काय सुचत होतं? पोराचं मन उठलं होतं, आणि उठलेलं मन समजुतीनं बसत नाही.

म्हणून मी सगळ्यांना गाडीत घालून त्याला तुमचं गाव दाखवायला नेलं. इब्री हेच तुमचं गाव, कोकणात तर तुम्ही पाहुण्यासारखे यायचात. आपल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार, ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि दुकानाबाहेरच्या सावलीत बांधकामावरची माणसं हेल्मेट उशाला घेऊन झोपलेली. त्यानं विचारलं, हे आजारी आहेत का? मी म्हटलं, छे, उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उघड्यावर काम करून घ्यायचं नाही असा इथला कायदा आहे, म्हणून पडलेत. तो मटकन पायरीवरच बसला. "कायदा आहे?" परत परत तेच विचारतोय. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून काठी टेकत एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुम उस्ताद का बेटी?" मी हो म्हटलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "ये कानून तो बाद में आया. तुम्हारा बाप पहले से यहाँ मटका रखता था. सब मजदूर इधर बैठता था. अर्बाब लोग, इनका मालिक लोग, गुस्सा करता था, तो बोलता था, मेरे दुकान का साया है, मैं देगा." अण्णा, तो माठ मला आठवत होता, पण रस्त्यावरचा कुणीही प्यायचा, एवढंच मला माहीत. कुणी तुमच्यावर रागावायचं हे तुम्ही घरी कधीच बोलला नाहीत.

मी जावयाला सगळं इंग्रजीत सांगितलं. तो विचारतो, "त्यांना इथे मत होतं?" मी म्हटलं, इथे परके, आणि कोकणात निवडणूक आली की ते इब्रीत. सुट्टी मिळायची तेव्हा निवडणूक नसायची. माझा बाप मत न देताच गेला. तुम्ही स्वतःचं डावं बोट नाचवत म्हणायचात, "हे असं कोरंच जाणार," आणि हसायचात. मी तिथे भर बाजारात तुमच्यासारखं बोट नाचवून दाखवलं आणि हसू यायच्या जागी रडूच आलं. त्यानं पायरीवर सरकून मला जागा दिली. मग म्हणाला, "माझ्या बापाला म्हातारपणी नागरिकत्व मिळालं. मत एकदाच दिलं, मला. त्याच वर्षी गेला." परतीच्या रस्त्यावर डोंगर मागे पडत होते, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "आई, मी उभा राहतोय." तुमच्या नातीनं आरशातून माझ्याकडे बघितलं. ह्यांनी घसा खाकरला, पण लष्कराच्या भाकऱ्या काढल्या नाहीत.

जावई पहिल्यांदा घरी आला की त्याच्या अंगावर आपल्या हातचं कापड चढलं पाहिजे, तयार कपडे देणं म्हणजे पाहुण्याला हॉटेलचं जेवण वाढणं, हे तुमचंच म्हणणं. कोकणातल्या यच्चयावत जावयांचे सदरे तुम्ही सुट्टीत शिवलेत, मला जवळही न फिरकू देता. मग आपल्या घरच्या जावयाला कोण शिवणार? मशीनला तेल दिलं, पांढरं कापड आणलं, आणि बसले. पट्टी बसली, शिवण सरळ आली. घडी घालून, टाचण्या लावून डब्यात दिला आणि म्हटलं, निवडून आलास तर शपथेला घाल. नाही आलास तर दिवाळीला घाल.

आला! चांगल्या मतांनी आला. परवा शपथ होती. सकाळी तिकडून तुमच्या नातीचा व्हिडिओ कॉल. ती खोखो हसतेय. "आई, व्हॉट इज धिस? याला कॉलरच नाहीये!" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, मी आयुष्यात कॉलर शिवताना कोणाला बघितलंच कुठे? तुमच्या दुकानात एकच गळा, दिशदाशाचा. तोच मी शिवला होता, गोंड्यासकट! आणि तिकडे सभागृहात पुरुषांनी कोट-टाय घालूनच यायचं. बिनकॉलरच्या सदऱ्याला टाय बांधणार कुठे? मी म्हटलं, अगं, दुसरा घाल म्हणावं, लाज काढू नका माझी. मागून त्याचा आवाज, "नाही आई. हाच." कोट चढवला, वरपर्यंत बटणं लावली आणि गेला. दारावरच्या माणसानं अडवलंच. "टाय?" ह्यानं तो दोऱ्यांचा गोंडा दोन बोटांत धरून दाखवला. "हाच. माझ्या आजेसासऱ्यांच्या दुकानातला." दारावरच्या माणसानं गोंड्याकडे बघितलं, ह्याच्याकडे बघितलं, आणि बाजूला झाला. शपथ झाल्या झाल्या ह्यानं सावली-पाण्याचं विधेयक पुन्हा दाखल केलं. या वेळी काय होईल कोण जाणे. इन्शाल्ला.

शाळेत सगळ्यांना पेढे वाटले. मुलं इंग्रजीत विचारतात, "मॅम, युअर सन-इन-लॉ इज फेमस?" मी म्हटलं, सन-इन-लॉ राहू दे, माझे वडील मोठे होते. अण्णा, तुम्ही सारा जन्म मान खाली घालून लोकांचे गळे शिवलेत, आणि मला ते काम शिवू दिलं नाहीत, कारण ते तुम्हाला हलकं वाटायचं. नव्हतं हो ते हलकं. हे सगळं तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं; आता लिहून मशीनच्या खणात, रिळांखाली ठेवून देते.

आणि एक, कोणाला सांगू नका. शपथेचा व्हिडिओ तुमच्या नातीनं पाठवलाय. सगळे विचारतात, काय म्हणाला तो, कसा म्हणाला? मी म्हणते, छान म्हणाला. खरं सांगू? एक अक्षर ऐकलेलं नाही. मी नुसती गळा बघत होते. कुठेही चुणी नव्हती, अण्णा. अगदी तुमच्यासारखा बसला होता.