नुसतं बसायचं काम

६ फेब्रुवारी
काल डॅलसहून म्हैसूरला पोचलो. मुक्काम इथल्या अग्रहार भागात, येसाजीमामांकडे. नोकरीतून ब्रेक घेतलाय. (कंपनीनेच दिला, पण स्वीकारला मी.) आमच्या डॅलसच्या ग्रुपने टी. नरसीपूरपलीकडचं एक गाव विकासासाठी घेतलंय. प्रत्यक्ष जाऊन काम करणारा पहिला माणूस मी.
संकल्प: आधी फक्त ऐकायचं.

८ फेब्रुवारी
गावात गेलो. वनजामामी दुभाषी म्हणून बरोबर, कारण माझं कन्नड शाळेतच राहिलं. महिला संघाच्या वाणीअक्कांना सोलर, ड्रोन आणि कंपोस्ट समजावलं. मामी दमली. मग अक्का बोलल्या. दहावीच्या मुली संध्याकाळी संघाच्या हॉलमध्ये अभ्यासाला बसतात. घरी टीव्ही, भावंडं, कामं. कुणी मोठं माणूस तिथे असलं तरच आईबाप पाठवतात, आणि संघातल्या बायकांना तेव्हाच धारा काढायच्या असतात. परीक्षेपर्यंत तुम्ही बसाल का?
मी विचारलं, शिकवायचं काय?
मामी म्हणाली, ‘कायबी नको म्हणते रे. सुम्ने बसायचं.’
म्हणजे नुसतं. सोल्यूशन आर्किटेक्टने. नुसतं बसायचं.
हो म्हणालो. पायलट प्रोजेक्ट म्हणून.

१० फेब्रुवारी
बसलो. मुली मोठ्याने पाठ करतात. खुर्ची डगमगते. वाय-फाय नाही. उठून भिंतींची मापं घेतली. मग मुलींना उठवून बाकं गोलात लावली, ग्रुप लर्निंगसाठी. शरण्या नावाच्या मुलीने मामीला काहीतरी विचारलं. मामीने भाषांतर केलं नाही. कौतुकच असणार.

१४ फेब्रुवारी
डॅलसचे फोन घ्यायला सारखं बाहेर जावं लागतं. रेंज नदीकडे गेल्यावरच मिळते. परत येतो तेव्हा मामी दाराशी गजरा ओवत बसलेली असते. बिचारी कंटाळते. उद्यापासून येऊ नकोस म्हणालो. वाणीअक्कांनी हॉलची किल्ली माझ्याकडे दिली. गावाने मला स्वीकारलं.

२२ फेब्रुवारी
मुलींसाठी गणिताचं ॲप निवडलं. उत्तम आहे. मुलींकडे फोन नाहीत. किरकोळ अडचण.
उद्यापासून हॉलमध्ये अजिबात उठायचं नाही.

२३ फेब्रुवारी
उठलो. पाय आखडले होते.

३ मार्च
बंगळुरूला जातोय. मोठं फाउंडेशन, मोठ्या साहेबांची भेट. एका हॉलमध्ये बसून देश बदलत नाही. स्केल हवा. दोन संध्याकाळी चुकल्या तर काय होतं?

४ मार्च, रात्री
साहेब परदेशी गेलेत. लॉबी मात्र छान होती. वाणीअक्कांचे बरेच मिस्ड कॉल. कन्नडमध्ये काय बोलणार? उचलले नाहीत.

५ मार्च
किल्ली माझ्या खिशातच राहिली होती.
वाणीअक्कांनी मामीला फोनवर सांगितलं: मुली दोन्ही दिवस बंद दारासमोर थांबल्या. काल अंधार पडल्यावर शरण्याचे वडील शोधत आले. कुलूप बघितलं आणि तिला घेऊन गेले. आता पाठवणार नाहीत. ते पाहून आणखी काही घरांनी नाही म्हटलं. परीक्षा दोन आठवड्यांवर.
वाणीअक्का ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. किल्ली दिली. ‘नीवु बेडा, सार,’ म्हणाल्या. तुम्ही नको. एवढं कन्नड मला येतं, हे आज कळलं.
मूळ प्रश्न कम्युनिकेशनचा आहे.

६ मार्च
शरण्याच्या वडिलांना भेटायला मामी निघाली. मीही निघालो, लॅपटॉप घेऊन. मामी म्हणाली, ‘तू घरीच राहा बाबा.’ तिने त्यांना सांगितलं की परीक्षा होईपर्यंत ती वाणीकडेच मुक्कामाला राहील, आणि रोज मुलींना जिच्या तिच्या घरी स्वतः सोडेल. संध्याकाळी तिचा फोन आला. शरण्या आली. बाकीच्याही आल्या. बाकं पुन्हा ओळीत लावली, असंही म्हणाली. ते सांगायची काही गरज नव्हती.

८ मार्च
ग्रुपला रिपोर्ट पाठवला. ‘स्थानिक नेतृत्व उभं केलं. आपण नियोजनपूर्वक मागे सरलो.’ शरण्याचा फोटो टाकणार होतो. टाकला नाही. का, ते सांगता येत नाही. मग खोलीत फेऱ्या मारत राहिलो. मामा म्हणाले, ‘अय्यो, फरशी झिजेल की रे.’

११ मार्च
मामी गावात, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे. मामांना शुगर आहे, जेवण वेळेवर लागतं. थोडक्यात, मी मामांना सांभाळतो म्हणून मामी तिथे बसू शकते. हा बॅक-एंड कुणाला दिसत नाही.
मामीने फोनवरून डाळीची कृती दिली. कुकरपाशी उभा राहा, शिट्ट्या मोज, तीन झाल्या की गॅस बंद कर. सोपं.
तेवढ्यात डॅलसचा फोन आला. नवीन गाव शोधा म्हणतात. बोलत बोलत गच्चीवर गेलो. खाली आलो तर घरभर करपल्याचा वास. गॅस मामांनी बंद केला होता.
किती शिट्ट्या झाल्या, विचारलं.
मामा म्हणाले, ‘मला काय माहीत? तू होतास की तिथं.’